जुन्या गाडीला पाच गिअरचा आधुनिक गिअरबॉक्स: आधी गणित, मग खरेदी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६० च्या दशकातील, पुढे इंजिन असलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी एक गाडी आहे. तिला चार गिअर आहेत आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग धरला की इंजिनाचे फेरे इतके वाढतात की लांबचा प्रवास नकोसा होतो. पाच गिअरचा आधुनिक गिअरबॉक्स बसवल्याने हा त्रास जाईल का, कोणता गिअरबॉक्स घ्यावा, त्यासाठी गाडीचा टनेल, म्हणजे गिअरबॉक्सवर येणारा गाडीच्या तळाचा उंचवटा, कापावा लागेल का, आणि तयार ॲडॉप्टर प्लेट, म्हणजे इंजिन आणि परका गिअरबॉक्स जोडणारी मधली पट्टी, मिळाली तर बाकीचे काम साध्या गॅरेजात होईल का, असे चार प्रश्न त्यात आहेत. चारही प्रश्नांना उत्तर आहे, मात्र ते देण्याचा क्रम थोडा बदलावा लागेल. हे काम हाती घेणारे बहुतेक जण आधी गिअरबॉक्स विकत घेतात आणि मग तो गाडीत कसा बसेल याचा विचार करू लागतात. गिअरबॉक्स ही या कामातील सर्वांत शेवटी विकत घेण्याची वस्तू आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील सारे विवेचन त्या मताच्या पुष्ट्यर्थ आहे.

सुरुवात मागच्या ॲक्सलपासून करावी. जुन्या चार गिअरच्या गाड्यांमध्ये चौथा गिअर बहुधा थेट, म्हणजे १:१ गुणोत्तराचा असतो. त्यामुळे त्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे किती होतील हे केवळ डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या ॲक्सलमधील क्राउन-पिनियन गिअरांचे, गुणोत्तर आणि चाकाचा घेर यांवर ठरते. समजा चाक एका फेरीत १.९ मीटर अंतर कापते आणि क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ३.९ आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे १६६७ मीटर, त्याला १.९ ने भागले की चाकाचे मिनिटाला ८७७ फेरे येतात आणि त्यांना ३.९ ने गुणले की इंजिनाचे सुमारे ३४२० फेरे होतात. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८२ असेल तर हेच फेरे २८०० वर येतात आणि ०.६८ असेल तर २३२५ वर. हा हिशेब तुमच्या गाडीच्या आकड्यांनी स्वतः करावा. चाकाचा घेर टायरवरील मापांतून काढू नये. गाडीत नेहमीचे वजन ठेवून, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकावर खडूची खूण करून गाडी सरळ ढकलावी आणि एका फेरीचे अंतर जमिनीवर मोजावे. डिफरन्शियलचे गुणोत्तरही माहितीपुस्तिकेवरून गृहीत धरू नये, कारण साठ वर्षांत ॲक्सल बदललेला असणे अगदी शक्य आहे. गाडीची दोन्ही मागची चाके एकाच वेळी, एकाच दिशेने पूर्ण एक फेरी फिरवून प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे, फेरे मोजले की खरे गुणोत्तर कळते.

या गणितातून निघणारी पहिली गोष्ट अशी की पाचवा गिअर जितका लांब, म्हणजे जितक्या कमी गुणोत्तराचा, तितका चांगला, हा समज चुकीचा आहे. १९६५ ची आठ सिलिंडरची फोर्ड मस्टँग २.८० किंवा ३.०० गुणोत्तराच्या ॲक्सलसह कारखान्यातून येत असे. अशा २.८० च्या ॲक्सलला बोर्ग-वॉर्नर टी-५ या पाच गिअरच्या बॉक्सचा ०.६८ चा पाचवा गिअर जोडला, तर दोन मीटर घेराच्या चाकावर ताशी १०० किलोमीटरला इंजिनाचे फेरे १६०० च्याही खाली जातात. जुन्या रचनेचा कॅमशाफ्ट आणि कार्ब्युरेटर असलेले इंजिन सपाट रस्त्यावर तेवढ्या फेऱ्यांत गाडी ओढते खरे, पण हलका चढ आला किंवा पुढच्या वाहनाला ओलांडायचे झाले की लगेच चौथ्या गिअरवर यावे लागते, ॲक्सिलरेटर अधिक दाबावा लागल्याने इंधनाची अपेक्षित बचतही होत नाही आणि कमी फेऱ्यांवर जड ओढ पडल्याने बेअरिंगांवर अनावश्यक भार येतो. त्याच गाडीला ३.५५ चा ॲक्सल असेल तर फेरे २००० च्या आसपास राहतात आणि पाचवा गिअर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. लहान चार सिलिंडरच्या इंजिनाला याहूनही जास्त फेरे लागतात. माझा ढोबळ नियम असा की १६०० ते २००० सीसीच्या जुन्या इंजिनासाठी नेहमीच्या प्रवासवेगाला पाचव्या गिअरमध्ये २६०० ते २९०० फेरे राहतील असे गुणोत्तर निवडावे, म्हणजे इंजिनाचा टॉर्क त्याच्या भरात असतो आणि कानांनाही विश्रांती मिळते. पाचव्या गिअरने गाडीचा कमाल वेग वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. अशा बहुतेक गाड्यांचा कमाल वेग पुढेही चौथ्या गिअरमध्येच मिळतो.

पाचव्या गिअरकडे पाहताना पहिल्याकडे दुर्लक्ष होते, आणि रोजच्या वापरात त्याचीच चुटपुट जास्त लागते. फोर्डच्या सिएरा आणि काप्री या गाड्यांतून आलेला टाइप-९ हा गिअरबॉक्स ब्रिटिश गाड्यांत फार लोकप्रिय आहे. त्याची नेहमीची गुणोत्तरे ३.६५, १.९७, १.३७, १.०० आणि ०.८२ अशी आहेत. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या नंतरच्या मूळ चार गिअरच्या बॉक्समध्ये पहिला ३.४४ आणि दुसरा २.१७ च्या आसपास आहे. मूळ बॉक्समध्ये पहिल्या गिअरला ५००० फेऱ्यांवर दुसरा टाकला तर इंजिन ३१५० वर येते. टाइप-९ मध्ये ते २७०० वर येते. ही ४५० फेऱ्यांची दरी कागदावर किरकोळ वाटते, पण चढावर गाडी जड भरलेली असताना ती प्रत्येक वेळी जाणवते, आणि चढाच्या रस्त्यांवर राहणाऱ्याने ती आधी समजून घेतलीच पाहिजे. टाइप-९ साठी लांब पहिल्या गिअरचे संच मिळतात आणि गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायचाच असेल तर ते बसवून घेणे शहाणपणाचे आहे. हाच विचार टी-५ च्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण त्या एकाच नावाखाली अनेक गुणोत्तरांचे बॉक्स निघाले. मस्टँगच्या आठ सिलिंडरच्या गाडीतील बॉक्सचा पहिला गिअर ३.३५ आहे, तर चार सिलिंडरच्या गाड्यांसाठी बनवलेल्या बॉक्सचा पहिला गिअर ४ च्या आसपास. ४ चा पहिला गिअर आणि ३.९ चा ॲक्सल एकत्र आले की गाडी हलताक्षणीच गिअर बदलावा लागतो.

इथे एक पर्याय आवर्जून सुचवतो, कारण प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. तुमच्या गाडीला त्या काळी कारखान्यातून ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मूळ गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला, इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, मिळत असेल, तर पाच गिअरचा विचार करण्यापूर्वी तो शोधावा. लेकॉक डी नॉर्मनव्हिल पद्धतीचा ओव्हरड्राइव्ह एमजीबी, ट्रायम्फ, व्हॉल्व्हो अशा अनेक गाड्यांना मिळत असे. नंतरच्या एमजीबीत त्याचे गुणोत्तर ०.८२ आहे, म्हणजे टाइप-९ च्या पाचव्या गिअरइतकेच, आणि बहुतेक वर्षांच्या गाड्यांत तो तिसऱ्या गिअरवरही लागतो. त्यातून गाडीचे मूळपण टिकते, प्रोपेलर शाफ्ट आणि माउंटिंगचे भाग तयार मिळतात आणि टनेलला हात लावावा लागत नाही. गाडी प्रदर्शनात किंवा ऐतिहासिक वाहनांच्या कार्यक्रमांत न्यायची असेल तर हा मुद्दा आणखी वजनदार ठरतो, कारण ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिवाच्या, व्याख्येत वाहन किमान तीस वर्षांचे असणे जसे अपेक्षित आहे तसेच ते ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेले असणेही अपेक्षित आहे. त्याचबरोबर, असा बदल नोंदणीत दाखवावा लागतो का हे तुमच्या देशाच्या नियमांनुसार आधीच पाहून घ्यावे.

ओव्हरड्राइव्ह उपलब्ध नसेल, किंवा मूळ गिअरबॉक्समध्येच दोष असेल, तर पाच गिअरचा बॉक्स हा पूर्णपणे समर्थनीय पर्याय आहे. एमजीबीला १९६७ पर्यंत पहिल्या गिअरवर सिंक्रोमेश (गिअर टाकताना फिरत्या भागांचा वेग जुळवणारी रचना) नव्हता, आणि त्या काळच्या इतर अनेक गाड्यांचीही तीच स्थिती होती. अशा बॉक्सचे झिजलेले भाग शोधत बसण्यापेक्षा सर्व गिअरांवर सिंक्रोमेश असलेला मजबूत बॉक्स वापरणाऱ्याला मी दोष देणार नाही. निवड करताना आपल्याच गाडीच्या घराण्यातील पुढच्या काळातला बॉक्स बसतो का, हे प्रथम पाहावे. बीएमडब्ल्यू २००२ मध्ये त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीतील ३२०-आय चा गेट्राग २४५ बसवला जातो तो याच कारणाने: बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या क्लचभोवतीच्या कवचाच्या, जुळणीचा प्रश्न आधीच सुटलेला असतो, आणि प्रोपेलर शाफ्टचा पुढचा भाग आखूड करणे आणि मागचे माउंटिंग नव्याने बनवणे एवढेच मोठे काम उरते. कंपनी ओलांडून बॉक्स आणला की ॲडॉप्टर, क्लच, स्पिगॉट (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारा बुश), स्पीडोमीटर अशा प्रत्येक सांध्यावर नवा प्रश्न उभा राहतो.

टॉर्कच्या क्षमतेबाबत आकडे वाचताना सावध असावे. आठ सिलिंडरच्या मस्टँगमधील वर्ल्ड क्लास या सुधारित प्रकारच्या टी-५ ची क्षमता सुमारे ४०० न्यूटन-मीटर सांगितली जाते आणि अलीकडच्या ट्रेमेक टीकेएक्स ची सुमारे ८१० न्यूटन-मीटर. हे आकडे सुरळीत चालणाऱ्या इंजिनाच्या टॉर्कचे असतात. क्लच झटक्याने सोडणे, रुंद पकडीचे टायर आणि गाडीचे जास्त वजन यांनी गिअरांवर येणारा धक्का त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणून इंजिनाच्या टॉर्कपेक्षा बॉक्सची क्षमता किमान एक-चतुर्थांशाने जास्त असावी असे मी धरतो. उलट, लहान इंजिनाला गरज नसताना अतिमजबूत बॉक्स बसवणेही योग्य नाही, कारण तो जड आणि रुंद असतो आणि त्यापायी टनेल कापावा लागतो.

जुना टी-५ विकत घेताना मागच्या हाउसिंगच्या बोल्टला अडकवलेली धातूची पट्टी जागेवर आहे का ते पाहावे. तिच्यावर १३५२ ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्यावरून बॉक्स मुळात कोणत्या गाडीसाठी, कोणत्या गुणोत्तरांचा बनवला होता ते कळते. पट्टी नसेल तर इनपुट शाफ्ट आणि आउटपुट शाफ्ट यांचे फेरे प्रत्येक गिअरमध्ये हाताने मोजून गुणोत्तरे काढावीत. वर्ल्ड क्लास आणि त्याआधीचा प्रकार ओळखण्याची सोपी खूण म्हणजे समोरच्या बाजूला काउंटरशाफ्टच्या (गिअरबॉक्समधील खालच्या समांतर दांड्याच्या) जागी दिसणारी बेअरिंगची पोलादी कडी. आधीच्या प्रकारात तिथे सपाट चकती असते. कोणत्याही जुन्या बॉक्समधून तेल काढताना ते पांढऱ्या कापडावर घ्यावे. पिवळसर चकाकी हे सिंक्रोमेशच्या कड्या झिजल्याचे लक्षण आहे आणि पोलादाचे कण हे दात किंवा बेअरिंग गेल्याचे. पहिले परवडते, दुसरे दिसले तर तो बॉक्स सोडून द्यावा.

आता टनेलविषयी. स्वतंत्र चॅसी असलेल्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ ट्रायम्फ हेरल्ड किंवा स्पिटफायरमध्ये, गिअरबॉक्सवरील आवरण बोल्ट काढून वेगळे करता येते आणि तिथे हा प्रश्न फारसा उरत नाही. पण ज्या गाडीचा सांगाडा आणि बॉडी एकसंध आहे, तिच्यात टनेल हा सांगाड्याचाच भाग असतो आणि गाडीचा पीळ सहन करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तो बेधडक कापून वर पातळ पत्रा ठोकला की दरवाज्यांची फट बदलू लागते आणि विंडस्क्रीनच्या कोपऱ्यांत भेगा दिसू लागतात. हातोडीने कड थोडी दाबून जागा करणे क्षम्य आहे. कापणे अटळच असेल तर कापलेल्या भागाइतक्याच जाडीच्या पत्र्याने, सलग वेल्डिंगने, कडेला पट्टी देऊन ते भरून काढावे. माझा आग्रह असा की जो बॉक्स न कापता बसत नाही तो आधी बाजूला ठेवावा आणि दुसरा शोधावा. यासाठी गिअरबॉक्सचे रिकामे, गिअर काढलेले कवच मिळवून ते गाडीत चढवून पाहणे सर्वांत उत्तम. ते हलके असते, दहा वेळा वर-खाली करता येते, आणि एक्झॉस्ट, हँडब्रेकची केबल, स्टिअरिंगचे दांडे कुठे आडवे येतात हे पैसे खर्च करण्यापूर्वी दिसते.

गिअर लिव्हर कुठे येतो हेही याच वेळी तपासावे. मूळ छिद्रापासून लिव्हर चार-पाच सेंटिमीटर मागे-पुढे आला तर वाकवलेल्या लिव्हरने भागते, पण त्याहून जास्त फरक असेल तर वेगळ्या लांबीचे मागचे हाउसिंग शोधावे लागते. टी-५ ला पुढे-मागे निरनिराळ्या जागी लिव्हर असलेली हाउसिंग मिळतात, आणि त्याच्या लोकप्रियतेचे हे एक खरे कारण आहे.

या साऱ्या कामाचे यश ज्या एका मोजमापावर अवलंबून असते, ते म्हणजे बेलहाउसिंगचे केंद्र आणि क्रँकशाफ्टचे केंद्र एका रेषेत असणे. दुर्दैवाने हेच मोजमाप सर्वाधिक वेळा गाळले जाते. ॲडॉप्टर प्लेट किंवा नवे बेलहाउसिंग कितीही चांगल्या कारागिराने बनवलेले असले, तरी ते तुमच्या इंजिन ब्लॉकच्या डॉवेल पिनांवर, म्हणजे जागा ठरवणाऱ्या खुंट्यांवर, बसते आणि त्या पिनांची जागा प्रत्येक ब्लॉकवर किंचित वेगळी असते. म्हणून फ्लायव्हीलवर चुंबकी पायाचा डायल गेज बसवावा, त्याचे टोक बेलहाउसिंगच्या गोल छिद्राच्या आतल्या कडेला टेकवावे, स्पार्क प्लग काढून क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण एक फेरी फिरवावा आणि काट्याचा एकूण फरक नोंदवावा. हा फरक ०.२५ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. केंद्रांमधील प्रत्यक्ष अंतर या आकड्याच्या निम्मे असते हे लक्षात ठेवावे, कारण दुरुस्तीसाठी लागणाऱ्या विकेंद्री (केंद्रापासून किंचित सरकवलेल्या) डॉवेल पिना त्या निम्म्या मापानुसार निवडाव्या लागतात. त्यानंतर गेजचे टोक बेलहाउसिंगच्या मागच्या सपाट तोंडावर टेकवून ते क्रँकशाफ्टला काटकोनात आहे का तेही पाहावे. हे मोजमाप चुकले तर गाडी चालते, आणि धोका त्यातच आहे: काही महिन्यांत स्पिगॉट बुश झिजतो, इनपुट शाफ्टचे बेअरिंग आवाज करू लागते, क्लच पूर्ण सुटत नाही, वेग कमी करताना गिअर आपोआप निसटतो, आणि दोष मात्र नव्या गिअरबॉक्सला दिला जातो.

ॲडॉप्टर प्लेटबद्दल आणखी दोन गोष्टी. प्लेट आणि बॉक्स यांचे केंद्र डॉवेलने किंवा खाचेतील कडीने ठरलेले असले पाहिजे. बोल्ट हे केवळ आवळण्यासाठी असतात आणि त्यांच्या छिद्रांतील मोकळीक या कामाला फार जास्त असते. दुसरे असे की प्लेटच्या जाडीइतका बॉक्स मागे सरकतो आणि इनपुट शाफ्टचे टोक स्पिगॉट बुशमध्ये तितके कमी शिरते. त्यामुळे फ्लायव्हीलच्या तोंडापासून बुशपर्यंतची खोली, शाफ्टची लांबी, प्लेटची जाडी ही सारी मापे कागदावर मांडून टोक बुशमध्ये पुरेसे शिरते आणि तरीही क्रँकशाफ्टच्या तळाला टेकत नाही, याची खात्री करावी. कमी शिरत असेल तर बाहेर आलेल्या आकाराचा कांस्य बुश लेथवर करून घ्यावा. शाफ्ट तळाला टेकत असेल आणि तसेच बोल्ट आवळले, तर क्रँकशाफ्ट पुढे रेटला जातो आणि त्याचे थ्रस्ट बेअरिंग थोड्याच काळात संपते. शाफ्टचे टोक कमी करायचे असल्यास ते ग्राइंडरवर, थंड ठेवत करावे, कारण तो पोलाद कठीण केलेला असतो आणि तापला की मऊ पडतो.

क्लचसाठी बहुतेक वेळा मूळ प्रेशर प्लेट आणि नव्या शाफ्टच्या स्प्लाइनला (त्यावरील लांबट दात्यांना) जुळणारी क्लच प्लेट ही जोडी चालते. टाइप-९ च्या इनपुट शाफ्टला एक इंच व्यासावर २३ स्प्लाइन आहेत; त्या हबची, पण तुमच्या मूळ प्लेटच्या व्यासाची प्लेट मिळवायची असते. तिच्या हबची उंची फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासत नाही हे प्रत्यक्ष ठेवून पाहावे. मूळ गाडीत ज्या बॉक्सच्या आधी दुहेरी वस्तुमानाचे, म्हणजे दोन भागांचे आणि मधे स्प्रिंगा असलेले, फ्लायव्हील होते, तो साध्या घन फ्लायव्हीलला जोडला की थांबलेल्या गाडीत न्यूट्रलवर खडखडाट ऐकू येतो. त्यात बिघाड नसतो, पण मऊ स्प्रिंगांची क्लच प्लेट निवडली की तो बराच कमी होतो. फ्लायव्हील बदलताना फोर्डच्या लहान आठ सिलिंडर इंजिनांबाबत विशेष दक्षता हवी: जुन्या २८९ आणि ३०२ इंजिनांच्या फ्लायव्हीलमध्ये मुद्दाम ठेवलेले असंतुलन २८ औंस-इंचाचे आहे आणि १९८० च्या दशकातील ५.० लिटरचे ५० औंस-इंचाचे. नव्या मस्टँगमधून टी-५ बरोबर तिचे फ्लायव्हीलही उचलून २८९ ला लावले, तर इंजिन सर्व फेऱ्यांवर थरथरते आणि शेवटी बेअरिंगे जातात.

क्लच सोडवण्याची यंत्रणा हायड्रॉलिक करायची असेल, तर पेडलने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास अंदाजाने निवडू नये. १९ मिलिमीटर व्यासाच्या मास्टरचे क्षेत्रफळ सुमारे २८४ चौरस मिलिमीटर असते. त्याचा दट्ट्या ३० मिलिमीटर सरकला की साडेआठ घनसेंटिमीटर तेल ढकलले जाते. ते तेल घेणाऱ्या, शाफ्टभोवती बसणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचे क्षेत्रफळ ८५० चौरस मिलिमीटर असेल, तर क्लचची बोटे दाबणारे रिलीज बेअरिंग १० मिलिमीटर सरकेल. तुमच्या प्रेशर प्लेटला किती सरकणे लागते ते मोजून त्याप्रमाणे जोडी जुळवावी. क्लच प्लेट झिजत जाते तशी डायफ्रामची बोटे गिअरबॉक्सच्या दिशेने मागे येतात, म्हणून नव्या प्लेटवर स्लेव्ह पूर्ण मागे दाबलेला असताना बेअरिंग आणि बोटे यांत तीन ते पाच मिलिमीटर अंतर ठेवावे. हे अंतर नसेल तर प्लेट थोडी झिजताच क्लच घसरू लागतो, आणि ते दुरुस्त करण्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

प्रोपेलर शाफ्टचे माप गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीला घ्यावे. शाफ्टच्या टोकाचे, गिअरबॉक्समध्ये शिरणारे सरकणारे योक पूर्ण आत ढकलून मग २० ते २५ मिलिमीटर बाहेर ओढावे आणि त्या स्थितीत लांबी ठरवावी. शाफ्ट आखूड केल्यावर तो संतुलित करून घेणे अनिवार्य आहे. त्यानंतर कोन पाहावेत: गिअरबॉक्सच्या आउटपुटची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची रेषा बाजूने पाहता समांतर असाव्यात, फरक एक अंशाच्या आत असावा, आणि प्रत्येक युनिव्हर्सल जॉइंटचा कामाचा कोन तीन अंशांच्या आत, पण शून्य नसलेला असावा, कारण कोन अगदी शून्य असेल तर जॉइंटमधील सुईबेअरिंगे फिरतच नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. गिअरबॉक्सखालील माउंटिंगला पातळ पट्ट्या देऊन हा कोन जुळवता येतो. म्हणून नवा क्रॉसमेंबर कायमचा वेल्ड करण्यापूर्वी कोन मोजावेत. ज्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत असतो आणि चाकांचा रेटा त्या नळीतून गाडीला मिळतो, उदाहरणार्थ १९४८ पर्यंतच्या फोर्ड किंवा १९५४ पर्यंतच्या शेव्हरोले, त्यांना हा सारा हिशेब लागू होत नाही. तिथे मागचा ॲक्सल आणि त्याची टांगणीच बदलावी लागते, आणि तो उद्योग मी केवळ गिअरसाठी सुचवणार नाही.

स्पीडोमीटरचे काम शेवटी येते. टी-५ सारख्या बॉक्समध्ये छोट्या प्लास्टिक गिअरचे दात बदलून दुरुस्ती होते. ते पुरेसे नसेल तर केबलच्या मधे बसणारी गुणोत्तर बदलणारी डबी वापरावी. जुन्या स्मिथ्स स्पीडोमीटरच्या तबकडीवर एका मैलासाठी केबलचे किती फेरे हवेत हा आकडा छापलेला असतो. मागच्या चाकांचे मोजलेले अंतर चालताना केबलचे फेरे प्रत्यक्ष मोजून ते एका मैलाला किती होतात ते काढावे, आणि छापील आकड्याला त्याने भाग दिला की हवे ते गुणोत्तर मिळते. रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच जोडावा, आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पुन्हा लावावी. ती विसरली तर स्टार्टरचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो.

तेलाच्या बाबतीत ‘जाड तेल म्हणजे चांगले तेल’ हा जुना समज सोडावा. वर्ल्ड क्लास टी-५ ला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल लागते आणि त्यात जाड गिअर ऑइल भरले की सिंक्रोमेश नीट काम करत नाही. इतर बहुतेक बॉक्सना जीएल-४ दर्जाचे तेल योग्य आहे. डिफरन्शियलसाठी असलेले जीएल-५ तेल सरसकट वापरू नये, कारण त्यातील गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने पितळेच्या सिंक्रोमेश कड्यांना मारक ठरू शकतात आणि त्याचा निसरडेपणा कड्यांची पकडही कमी करतो. टाइप-९ च्या अनेक बॉक्सना तळाला तेल काढण्याचा बूच नसतो, म्हणून बसवण्यापूर्वीच जुने तेल पूर्ण निथळून घ्यावे. नव्या गाडीत बॉक्स मूळपेक्षा वेगळ्या कोनात बसला असेल तर बाजूच्या छिद्रापर्यंतची पातळी फसवी ठरते. अशा वेळी कंपनीने सांगितलेले तेल मापाने मोजूनच भरावे.

पहिली चाचणी गाडी भक्कम स्टँडवर, ॲक्सलखाली आधार देऊन घ्यावी, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे कोन रस्त्यावर असतात तसेच राहतात. सर्व गिअर टाकून पाहावेत, रिव्हर्सही. मग रस्त्यावर थरथर जाणवली तर भाग उघडण्यापूर्वी ती कशाबरोबर बदलते हे शोधावे. एकाच वेगाला चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये ती सारखीच राहत असेल, तर तिचा संबंध रस्त्यावरील वेगाशी आहे आणि दोष प्रोपेलर शाफ्टच्या संतुलनात किंवा चाकांत आहे; पाचवा गिअर टाकल्याने त्या वेगाला शाफ्टचे फेरे बदलत नाहीत, बदलतात ते इंजिनाचे. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सरकत असेल आणि गाडी उभी असतानाही येत असेल, तर फ्लायव्हील किंवा क्लच तपासावा. ती फक्त ओढ देताना येऊन पाय उचलताच जात असेल, तर जॉइंटचे कोन चुकले आहेत किंवा माउंटिंगचे रबर फार मऊ आहे. सुमारे ५०० किलोमीटर झाल्यावर माउंटिंग, क्रॉसमेंबर आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि गिअरबॉक्सचे तेल एकदा बदलावे.

मूळ गिअरबॉक्स, त्याचे बेलहाउसिंग, मूळ प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉसमेंबर विकू नयेत. बॉक्समध्ये तेल भरून, तोंडे बंद करून तो कोरड्या जागी ठेवावा, आणि नव्या जोडणीची मापे, म्हणजे डॉवेलचे विकेंद्री अंतर, शाफ्टची लांबी, क्लच प्लेटचा क्रमांक, तेलाचा प्रकार, ही एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावीत. पुढच्या वेळी क्लच बदलणारा कारागीर तुम्हीच असाल असे नाही, आणि दोन कंपन्यांचे भाग एकत्र केलेल्या गाडीची खरी माहितीपुस्तिका तोच कागद असतो.